पेट्रोलच्या टाकीत पाणी

आगगाडीच्या मालडब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. मूळ शब्द ‘वॅगन’. पण आपल्या लोकांनी त्याला दिलेले हे रूप मूळ शब्दापेक्षा कितीतरी झोकदार आहे. कोळशाची वाघीण उघडी असते, धान्याची व खताची बंद असते. पेणहून थळच्या खत कारखान्याकडे जो मालवाहू लोहमार्ग जातो, त्यावर युरियाची पोती अशा बंद वाघिणींतून जातात. द्रव पदार्थ मात्र पोत्यात भरता येत नाहीत. त्यांच्यासाठी आडव्या पिंपासारखी दिसणारी टाकी वाघीण लागते. रायगडच्या किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांना ती पाहायची असेल तर पनवेलचे स्थानक सोयीचे. तेथे अधूनमधून अशा टाक्यांची मालगाडी जाताना किंवा थांबलेली दिसते.

अशी गाडी दिसली की तिच्यावर रंगवलेली अक्षरे वाचा. बहुधा ‘बी टी पी एन’ अशी चार इंग्रजी अक्षरे दिसतील. ‘बी’ म्हणजे बोगी, अर्थात चार-चार चाकांच्या दोन गाड्यांवर बसवलेली. ‘टी’ म्हणजे टँक. ‘पी’ म्हणजे पेट्रोल. आणि ‘एन’ हे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकचे चिन्ह. शेजारी दोन-तीन आकडेही असतात: रिकाम्या वाघिणीचे वजन किती, तिच्यात किती टन माल घालायचा आणि टाकीत किती लिटर मावते. हे आकडे कारकुनी कामाचे वाटतात. परंतु एका मोठ्या दुष्काळात त्यांनीच ठरवले की एका शहरातील प्रत्येक माणसाच्या वाट्याला किती पाणी यावे. त्याचीच हकीकत आज पाहू.

आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, तरीही पेणच्या खारेपाटातील गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा टँकरमधून येणारे पाणी म्हणजे काय हे येथील मुलांना समजावून सांगायला नको. लातूरला मात्र २०१६ च्या उन्हाळ्यात रस्त्यावरचे टँकरही पुरेनात. शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि टँकर भरून आणायचे तरी कोठून, हा प्रश्न होता. शेवटी सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने नेण्याचे ठरले. ११ एप्रिल रोजी दहा टाकी वाघिणींची पहिली गाडी मिरजेहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या व एका फेरीत २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. लोकांनी तिला ‘जलदूत’ म्हटले. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या.

२५ लाख लिटर हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. आता भागाकार करा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या पुढे होती. आपण सोयीसाठी ४ लाख धरू. माणशी सहा लिटर! अख्खी आगगाडी, आणि प्रत्येकाला अर्धी बादलीसुद्धा नाही. मग साहजिकच प्रश्न येतो, की वाघिणीत आणखी थोडे पाणी का भरले नाही?

टाकी भरली होती, तरी रिकामी होती

त्या वेळच्या बातम्यांत ‘५० हजार लिटर क्षमतेची वाघीण’ असे सर्रास लिहिले जाई. माझ्या मते हे वर्णन अपुरे आहे, आणि अपुरेपणातच सारी गंमत आहे. बीटीपीएन जातीच्या वाघिणीच्या टाकीत सुमारे ७० हजार लिटर द्रव मावतो. मग वीस हजार लिटर जागा का सोडायची?

याचे उत्तर टाकीत नाही, चाकाखाली आहे. रूळ, स्लीपर, खडी व पूल यांना एका आसावरून किती भार सोसवेल याची मर्यादा ठरलेली असते. या वाघिणीसाठी ती २०.३२ टन आहे. हा आकडा असा विचित्र का? कारण मूळ मर्यादा २० ब्रिटिश टनांची होती, आणि एक ब्रिटिश टन १.०१६ मेट्रिक टन असतो. वाघिणीला चार आस, म्हणून एकूण भार २०.३२ × ४ = ८१.२८ टन. यातून रिकाम्या वाघिणीचे सुमारे २७ टन वजा केले की मालासाठी ५४ टन उरतात.

आता पेट्रोलचा विचार करा. त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ पाऊणपट असते. ७० हजार लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ५२ टन भरते. म्हणजे पेट्रोलने टाकी भरली की तिची वजनाची मर्यादाही जवळजवळ गाठली जाते. कपडे बेतणारा शिंपी अंगाचे माप घेतो, तसे अभियंत्यांनी पेट्रोलचे माप घेऊन ही टाकी बेतली आहे. पाण्याचा एक लिटर मात्र एक किलोग्रॅमचा. ५४ हजार लिटर झाले की वजनाची हद्द संपली. टाकीचा वरचा भाग रिकामाच राहणार. थोडी सवड ठेवून ५० हजार धरले, तर वाघिणीचे एकूण वजन ७७ टन होते. लातूरकरांना सहा लिटरऐवजी आठ लिटर मिळाले नाहीत याचे कारण पाण्याची घनता! २०१९ च्या जुलैत चेन्नईसाठी जोलारपेट्टईहून पाण्याची गाडी गेली, तिच्यातही पन्नास वाघिणी आणि २५ लाख लिटरच होते. गणित तेच, म्हणून उत्तरही तेच.

या मार्गाची एक जुनी गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–बार्शी–लातूर हा मार्ग म्हणजे पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. तिचा पहिला तुकडा १८९७ साली सुरू झाला, १९११ मध्ये ती लातूरला पोचली व १९२७ मध्ये मिरजेला. रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. आपल्या नेहमीच्या रुंद मार्गाचे १६७६. कॅलथ्रॉपने एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको असा नियम धरून इंजिने व वाघिणी बनवल्या, म्हणूनच हलके रूळ वापरून त्याला मार्ग स्वस्तात बांधता आला. त्या काळासाठी ही मोठी हुशारी होती. पण हिशोब करून पहा: चार आसांची वाघीण म्हणजे एकूण २० टन. तिचे स्वतःचे वजन सहा टन धरले तर पाणी १४ हजार लिटर. २५ लाख लिटरसाठी अशा सुमारे १८० वाघिणी लागल्या असत्या. हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद होत गेला आणि मिरजेपर्यंतचे काम २०१० च्या सुमारास पुरे झाले. दुष्काळ आणखी सात-आठ वर्षे आधी आला असता, तर मिरजेची वाघीण लातूरला पोचलीच नसती.

पिंप आडवे का?

पहिली टाकी वाघीण आडवी नव्हती. अमेरिकेत पेनसिल्वेनियातील तेलविहिरींचे तेल लाकडी पिंपांत भरून नेत, आणि पिंपे गळत. १८६५ साली एमॉस व जेम्स या डेन्समोर बंधूंनी सपाट वाघिणीवर दोन मोठे उभे लाकडी हौदच बसवले. (यातील जेम्सने पुढे शोल्सच्या टाइपरायटरसाठी पैसा पुरवला. तेलात हात घातलेला माणूस कशात हात घालील सांगता येत नाही!) उभ्या हौदांमुळे गुरुत्वमध्य फार वर जाई, शिवाय लाकूड गळे. तीन-चार वर्षांतच इंजिनाच्या बाष्पकासारखी लोखंडी आडवी टाकी आली, आणि तेव्हापासून आकार फारसा बदललेला नाही.

गोल आकाराचे कारण तुम्ही घरीच पाहू शकता. तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा काठोकाठ भरला की त्याच्या बाजू फुगतात. सपाट पत्रा वाकून दाब सहन करतो; गोल पत्र्यावर दाब सगळीकडून सारखा ओढ देतो व पत्रा फक्त ताणला जातो. पोलादाला वाकणे सोसत नाही, ताण पुष्कळ सोसतो.

जुन्या टाक्यांवर मध्यभागी एक घुमट दिसे. तो शोभेचा नव्हता. पेट्रोलचे तापमान एका अंशाने वाढले की त्याचे आकारमान हजार भागांत जवळजवळ एक भाग वाढते. पहाटे भरलेली टाकी दुपारच्या उन्हात २५ अंशांनी तापली तर ७० हजार लिटरचे साडेसोळाशे लिटर जास्त होतील. ते कोठे जाणार? त्यांच्यासाठी घुमट. आता घुमटाऐवजी टाकीतच वरती थोडी जागा सोडतात. पाणी याच्यापेक्षा बरेच कमी प्रसरण पावते, तेव्हा जलदूताला ही काळजी नव्हती. तिची काळजी वेगळी होती.

अर्धवट भरलेल्या टाकीतील लाट

थळ, अलिबाग, मुरूड येथील कोळी बांधवांना विचारा, होडीच्या तळाशी पाणी साचले तर ते लगेच का उपसतात. केवळ वजन वाढते म्हणून नव्हे. होडी कलली की ते पाणीही त्याच बाजूला धावते आणि कलणे आणखी वाढवते. घट्ट बांधलेले ओझे असे धावत नाही. काठोकाठ भरलेल्या टाकीतील द्रवालाही धावायला जागा नसते. तीन चतुर्थांश भरलेल्या टाकीत मात्र पन्नास टन पाणी हलायला मोकळे असते.

ब्रेक लावल्यावर पाण्याचा पृष्ठभाग पुढच्या बाजूला चढतो. तो किती कलतो हे मंदन व गुरुत्वत्वरण यांच्या गुणोत्तरावरून निघते. ट्रकने जोरात ब्रेक मारला तर मंदन सेकंदाला सेकंदामागे ३ मीटर असू शकते. ३ ला ९.८ ने भागा. कल सुमारे १७ अंश. पाणी टाकीच्या पुढच्या भिंतीवर जोराने आदळते. म्हणूनच चांगल्या टँकरच्या आत भोके पाडलेले आडवे पडदे बसवतात. लांबलचक मालगाडी इतक्या झटक्याने थांबूच शकत नाही. तिचे मंदन ०.२ धरले तर साडेअकरा मीटर लांबीच्या टाकीत दोन टोकांच्या पातळीतील फरक २३ सेंटिमीटर, बस्स.

मग धोका कशाचा? ठेक्यात बसणाऱ्या हिसक्यांचा. झोक्याला त्याच्या लयीत ढकलले की तो उंच जातो; यालाच आपण अनुस्पंदन म्हणतो. टाकीतील पाण्यालाही अशी लय असते. उथळ पाण्यात लाटेचा वेग √(गुरुत्वत्वरण × खोली) असतो. टाकीतील पाण्याची सरासरी खोली १.८ मीटर धरली तर वेग सेकंदाला ४.२ मीटर येतो. लाटेला साडेअकरा मीटर जाऊन परत यायला सुमारे साडेपाच सेकंद लागतात. दर साडेपाच सेकंदांनी हिसका बसत राहिला तर लाट वाढत जाईल. सावकाश सुटणाऱ्या व सावकाश थांबणाऱ्या गाडीत असे सहसा घडत नाही.

हा प्रयोग घरी करण्यासारखा आहे. सपाट तळाची लांब परात किंवा ट्रे घ्या. त्यात दोन सेंटिमीटर पाणी ओता, एक टोक किंचित उचलून अलगद सोडा आणि लाटेच्या दहा येरझाऱ्यांना किती वेळ लागतो ते मोजा. ट्रे ४० सेंटिमीटर लांब असेल तर एका येरझारीला १.८ सेकंद लागायला हवेत. पाणी दुप्पट खोल करून पुन्हा मोजा. या दोन मापनांवरून गुरुत्वत्वरणाची किंमत काढता येते, आणि ती पुष्कळदा लंबकाच्या प्रयोगाइतकीच बरी येते.

वाफेने धुतलेली टाकी

तेलासाठी घडवलेल्या टाकीत पिण्याचे पाणी नेण्याआधी ती धुवावी लागणारच. हे काम राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कारखान्यात वाफेच्या साहाय्याने झाले. गरम वाफ पत्र्यावर आदळली की चिकटलेले तेल पातळ होऊन सुटते.

येथे एक धोका दबा धरून बसलेला असतो, आणि तो शिक्षकांनी वर्गात अवश्य दाखवावा. ७० घनमीटरची टाकी १०० अंशांच्या वाफेने पूर्ण भरली आहे असे समजा. त्या सगळ्या वाफेचे वस्तुमान फक्त ४०-४२ किलोग्रॅम. आता कोणी घाईने झाकण व झडपा बंद केल्या आणि टाकी थंड झाली, तर त्या वाफेचे तीन-चार कळश्या पाणी होईल. बाकी आत काय? जवळजवळ निर्वात. बाहेर मात्र वातावरणाचा दाब तसाच, दर चौरस मीटरला सुमारे दहा टन. टाकी २.८ मीटर व्यासाची व ११.५ मीटर लांबीची धरली, तर बाजूने पाहता तिचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर होते. म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रत्येकी सव्वातीनशे टनांच्या जोराने हवा तिला दाबते. आतून येणारा दाब सहज सोसणारी ही टाकी बाहेरून येणाऱ्या दाबापुढे कागदी पिशवीसारखी चेपते. फुगा आतून फुगवला की आपला आकार आपणच सावरतो. बाहेरून चेपताना एके ठिकाणी जरा खळी पडली की तीच वाढत जाते. म्हणून वाफेचे काम चालू असताना आणि टाकी निवेपर्यंत वरचे झाकण उघडे ठेवलेच पाहिजे.

वर्गात दाखवायचे असेल तर शीतपेयाच्या अॅल्युमिनियमच्या रिकाम्या डब्यात दोन चमचे पाणी घाला. डबा उघडाच ठेवून ते उकळू द्या, चांगली वाफ येऊ लागली की सांडशीने धरून डबा थंड पाण्याच्या पातेल्यात चटकन उपडा करा. काय होते ते एका क्षणात दिसेल. बंद डबा कधीही तापवायचा नाही, आणि हा प्रयोग शिक्षकांवाचून करायचा नाही.

लातूरला पोचल्यावर

तळाच्या झडपेतून पाणी सोडतानाही वरचे झाकण उघडे हवे; नाहीतर थोडे पाणी गेल्यावर आत दाब कमी होतो व धार अडखळते. उपडी केलेली बाटली कशी ‘डुब् डुब्’ करते, तसेच. पाण्याची खोली २ मीटर असेल तर टॉरिचेलीच्या नियमाप्रमाणे धारेचा वेग √(२ × ९.८ × २), म्हणजे सेकंदाला सव्वासहा मीटर. नळाचा व्यास १० सेंटिमीटर धरून, धार आकुंचन पावते याची सूट देऊन, सुरुवातीला सेकंदाला तीसेक लिटर पाणी पडेल. पातळी उतरेल तशी धार मंदावते. पन्नास हजार लिटरची टाकी रिकामी व्हायला तास-पाऊण तास लागेल. वाघिणी पन्नास. त्या एकेक करून रिकाम्या करीत बसले तर दीड-दोन दिवस जातील, म्हणून अनेक वाघिणींना एकदम नळ्या जोडायला हव्यात. गाडी भरताना व रिकामी करताना जाणारा वेळ प्रवासाच्या वेळेशी स्पर्धा करतो, हे नकाशा पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

प्रवासाला ऊर्जा किती लागली? सपाट मार्गावर मालगाडीला टनामागे सुमारे २ किलोग्रॅम भाराइतकी ओढ लागते असा ढोबळ नियम आहे. पन्नास वाघिणींचे ३,८५० टन, म्हणजे ओढ ७,७०० किलोग्रॅम भाराची, अर्थात सुमारे ७५ हजार न्यूटन. ३४२ किलोमीटरनी गुणा आणि २५ लाख लिटरनी भागा. एका लिटरमागे दहा हजार ज्यूलच्या थोडे वर. तेवढ्या ऊर्जेत लिटरभर पाणी सुमारे एक हजार मीटर उचलता येते. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून ८२० मीटर आहे. समुद्रकाठच्या गावातून प्रत्येक लिटर रायगडाच्या माथ्यावर नेऊन वर थोडे आणखी चढवावे, असा हा खर्च. चढ आणि इंजिनातील नुकसान यांत धरलेले नाही. शिवाय गाडीला रिकामी परतायचे असतेच: १,३५० टन पोलाद, पाण्याचा एक थेंबही नाही. परतीच्या खर्चामुळे एका लिटरमागची ऊर्जा किती वाढते, हे तुम्हीच काढा.

आणि आणखी एक उदाहरण. पुढच्या वेळी पनवेलच्या फलाटावर उभे असताना टाक्यांची गाडी आली तर फलाट न सोडता एका वाघिणीवरचे दोन आकडे वहीत टिपा: किती टन, आणि किती लिटर. टनांचे किलोग्रॅम करून त्यांना लिटरने भागा. जो भागाकार येईल तो घनतेच्या तक्त्यात शोधा, म्हणजे ती टाकी कोणत्या द्रवाचे माप घेऊन बेतली आहे ते कळेल. ‘बी टी पी जी एल एन’ अशी लांबलचक अक्षरे असलेली स्वयंपाकाच्या गॅसची वाघीण दिसली तर भागाकार अर्ध्याच्याही खाली येईल, आणि रिकाम्या वाघिणीचे वजन आतल्या मालापेक्षा जास्त भरेल. असे का व्हावे? इशारा एवढाच, की तो गॅस दाबाखाली द्रवरूपात ठेवावा लागतो, आणि टाकीच्या पत्र्याची जाडी दाब व व्यास यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते.